तेरावं मिनिट

बर्स्लेमच्या कामगार क्लबात काल
एकेचाळीस माणसं होती, बँडचे पाच धरून.
गाणी चार, वेळ पावणेदोन तास.
शेवटचा सूर बराच वेळ छताला लोंबकळत राहिला,
मग बारवाल्या बाईने ग्लास विसळायला घेतले
आणि वाद सुरू झाला.

डेस्मंड पिकरिल, जन्मभर भट्टीत बशा भाजलेला,
म्हणाला, संपलं. त्र्याहत्तर सालीच संपलं होतं,
आपण नुसतं वर्षश्राद्ध घालतोय.
(श्राद्ध हा शब्द माझा. तो नुसता ग्लास उंचावून गप्प बसला.)
मी इथल्या इस्पितळात एक्स-रे काढतो.
त्याच्या फुप्फुसातली चिनीमातीची धूळ मी पाहिली आहे,
तो विषय आम्ही इथे काढत नाही.

हिलरी थर्सफील्ड चिडली.
पुढे जाणारं संगीत म्हणता ना,
मग मेलोट्रॉन अजून तोच का,
दम लागलेल्या देवदूतांसारखा?
पन्नास वर्षं पुढे चाललोय म्हणता
आणि मान सगळ्यांची मागे.

टोबी अडेयिंकाने लॅपटॉप उघडला.
अकरा मात्रांचं एक आहे माझ्याकडे, म्हणाला,
तुमचे गुडघे गोंधळून जातील.
ते गोंधळलेलेच आहेत, डेस्मंड म्हणाला,
बटण दाबायची गरज नाही.

मग कुणीतरी माझ्याकडे वळलं :
तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?
पुरोगामी, मी म्हणालो.
भाषणात येतो हा शब्द, हार घालायच्या आधी.
आणि हारानंतर?
हारानंतर चहा.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

खरं तर दुसऱ्या गाण्यात
माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवरून चालत होता,
तीं तीं ना, धीं ना, धीं ना,
इस्लामपूरच्या तबल्याच्या क्लासातला रूपक,
जो फी थकली म्हणून आठव्या महिन्यात सुटला.
रूपकाची सम खालीवर येते.
जिथे जोर पडायचा तिथे हात रिकामा.
ड्रमवाला नेमका तिथेच काठी उचलून थांबायचा
आणि मला, का कोण जाणे, घरची फी आठवायची.
हे मी बोललो नाही.
यांना भविष्य हवं होतं, माझ्याकडे पावती होती.

टीशर्टच्या टेबलापाशी टॅम्सिन बसली होती.
एकोणीस वर्षं. वडिलांना मोतीबिंदू,
रात्रीची गाडी तिच्याकडे.
सगळ्यांचा डोळा तिच्यावर गेला,
पन्नाशीच्या आतलं एवढं एकच माणूस
(टोबी परवाच एक्कावन्नचा झाला).
तुला काय वाटतं, टिकेल का?

मी झोपले होते, ती म्हणाली.
त्या लांब गाण्यात.

बारवाली बाईसुद्धा थांबली.
कितव्या मिनिटाला, डेस्मंडने विचारलं,
डॉक्टर विचारतो तसं.
तेराव्या असेन.
बासरीच्या अलीकडे, हिलरी पुटपुटली, बासरी तिची होती.
हं. आणि जाग आली तेव्हा तेच गाणं चालू होतं.
बरं वाटलं मला.
घरात कुणीतरी अजून जागं आहे असं.

यावर कुणाला मत देता येईना.
शर्टांच्या घड्या झाल्या, तीनच खपले होते,
सगळे सर्वांत मोठ्या मापाचे.

मेलोट्रॉन व्हॅनमध्ये न्यायचा होता.
अरुंद जिना, चार माणसं,
अर्ध्या वाटेवर ते धूड अडकलं,
पुढे जाईना, मागे येईना.
डेस्मंड वरच्या पायरीवर बसला, खोकला,
आणि म्हणाला, त्र्याहत्तरला आम्ही हेच—
गप, हिलरी म्हणाली.

मी खालच्या पायरीवर, अर्धं ओझं खांद्यावर.
तीन म्हटलं की उचलूया, ती म्हणाली.
टोबीने विचारलं,
तीनवर, की तीननंतर?